मामा, मुग्धा आणि काचेची नळी

लखनौ हिवाळ्यात बघायचं बरीच वर्षं मनात होतं. निमित्त मामांच्या फोनचं झालं. "मुग्धाला बँकेत नोकरी लागलीय आणि ती हजर व्हायला तयार नाही. तू येऊन जरा समजाव."

मामा रेल्वेच्या दूरसंचार विभागात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर लखनौतच, अलीगंजला राहिले. मुग्धा त्यांची एकुलती मुलगी. लखनौत वाढल्यानं घरच्या मराठीला ती हिंदीतच उत्तर देते. तिथल्याच एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करते. तिची फेलोशिप संपत आली होती.

धुक्याच्या दिवसांत पुण्याहून गाडी उशिराच पोचते, त्यामुळे त्या दिवशी काही ठरवू नका. चारबाग स्टेशनवर ऑटोवाल्यांशी हुज्जत घालण्यापेक्षा मेट्रोनं हजरतगंज गाठावं. स्वस्तही पडतं. तिथली टोकरी चाट, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या टोपलीत भरलेली चाट, दोघांत एक पुरते. मी एकटीनं खाल्ली आणि रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी समजावण्याआधी मी मुग्धाला म्हटलं, "काम तरी दाखव." मामाही निघाले. तिची प्रयोगशाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

तिचं काम रेडिओलहरी पकडण्याचं. टेबलावर बोटाएवढी काचेची नळी होती, आत रुबिडियम धातूची वाफ.

"अँटेना कुठंय?" मामांनी विचारलं.

"यही है, पापा."

लेसरनं अणूला भरपूर ऊर्जा दिली की त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन खूप दूर जातो, अणू फुगतो आणि क्षीण रेडिओलहरीनंही डळमळतो. ते डळमळणं लेसरच्या प्रकाशात वाचता येतं. असेच अणू क्वांटम संगणकासाठीही वापरतात, असं ती म्हणाली.

तिनं मामांच्या हातात माईक दिला. "कुछ बोलिए."

"हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन."

लहरींवरून नळीत गेलेला त्यांचा आवाज क्षणात स्पीकरमधून आला. मामा नळीकडे बघत राहिले.

"खरखर फार आहे."

"हाँ, महीनों से है."

"आवाज वाढवू नकोस. खरखर कुठून येते ते आधी शोधू."

मी बडा इमामबाडा बघून आले. (आतल्या भूलभुलैयात गाइड घ्याच.) परतले तरी दोघं टेबलाशी वाकलेलेच. खरखर थोडी कमी झाली होती, गेली नव्हती.

रात्री जेवताना मामांनी विचारलं, "बँकेला काय कळवलंस?"

"अभी कुछ नहीं."

"मग नाही म्हणून कळव. दुसऱ्या कुणाची जागा अडवू नये."

मामी पोळी वाढता वाढता थांबल्या. मुग्धा म्हणाली, "कळवते."

घरी येऊन महिना झाला. चिकनकारीचे दोन कुर्ते आणले, त्यातला एक धुतल्यावर आटला. लखनौला पुन्हा जाईन, धुकं सरल्यावर. फेलोशिप वाढेल की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही. मामी मात्र फोनवर दर वेळी विचारतात, "तू तिला नक्की समजावलंस तरी काय?"

खरं तर माझी बोलायची वेळ आलीच नाही.