रविवारची गोळी

संशय घेण्याची माझी सवय जुनी आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही. असाध्य आजाराच्या माणसांना दुखू नये म्हणून घरोघरी मॉर्फिन पोचवणाऱ्या नर्सने भोळं असून चालत नाही. आमचं केंद्र शनिवारी संध्याकाळी बंद होतं आणि सोमवार सकाळपर्यंत फोन माझ्याकडे असतो. त्या उन्हाळ्यात दर रविवारी दिवेलागणीला तो एकाच घरातून वाजायचा. पेणजवळचं गाव, गणपतीच्या मूर्ती करणारं घर. म्हातारबाबांचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. मी स्कूटर काढून पोचेपर्यंत ते उशी दातात धरून पडलेले असायचे.

आठवडाभर म्हणे शांत असतात. मग रविवारीच काय होतं? रविवारी मुलगा घरी असतो, एवढंच मला दिसत होतं.

मुलगा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचा. डोळे कायम लाल, बोलणं तुटक.

"आज गोळ्या वेळेवर दिल्यास ना रे?"

"दिल्या, सिस्टर."

"तू स्वतः?"

"व्हय."

रिकामी स्ट्रिप त्याने माझ्यापुढे धरली. मी बाबांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. मॉर्फिन अंगात असलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. यांच्या चांगल्या मोठ्या होत्या. म्हणजे गोळी स्ट्रिपमधून निघाली, पण पोटात गेली नाही. सून ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी होती, तिने वळूनही पाहिलं नाही. बापाच्या तोंडची गोळी हा खातो नाहीतर विकतो, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. त्याचा मला भयंकर राग आला.

पुढच्या रविवारी फोनची वाट न बघता भर दुपारी जाऊन धडकले. पडवीतली खाट रिकामी. सून दारातच आडवी आली.

"झोपलेत, सिस्टर."

"कुठे? खाटेवर तर कुणी नाही."

 मी तिला ओलांडून सरळ मागच्या कारखान्यात गेले.

कारागिरांना सुट्टी होती. फळ्यांवर रंगवलेल्या मूर्ती ओळीने बसलेल्या, बहुतेकांना डोळे नव्हते. मधोमध मुलगा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याने बापाला मागून छातीशी धरून ठेवलं होतं. म्हातारबाबा एका गणपतीचे डोळे आखत होते. कपाळावरून घाम निथळत होता, हात मात्र हलत नव्हता. शेजारी रंगाच्या करवंट्या होत्या आणि त्यांतल्या एका कोरड्या करवंटीत त्या दिवशीच्या गोळ्या.

"हा काय प्रकार आहे?" मी मुलाला विचारलं.

"गोळी घेतली की त्यांचा हात जड व्हतो. नजर ठरत नाय. या घरात डोळे त्यांच्याबिगर कोणी आखले नायत," तो म्हणाला. "डोळे झाले की देतो, पण तवर दुखणं चढलेलं असतं. तुम्हाला सांगितलं तर बंद कराल, म्हणून नाय सांगितलं."

बंद केलंच असतं मी.

"जरा गप ऱ्हा गो बाय," म्हातारबाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक डोळा ऱ्हायलाय."

मी आधी करवंटीतल्या गोळ्या ताब्यात घेतल्या. मग अंगणात जाऊन आमच्या डॉक्टरांना फोन लावला. चिडले ते, पण ऐकून घेतलं. रविवारी सकाळची गोळी अर्धी द्यायची आणि दुपारची कुंचला खाली ठेवल्याबरोबर, दुखायची वाट न बघता, असं ठरलं. परत आत आले तेव्हा दुसरा डोळा पुरा झाला होता. बाबांनी कुंचला ठेवला आणि आपणहून तोंड उघडलं. मी गोळी दिली, पाणी पाजलं.

"आता जीभ वर करा," मी म्हटलं.

त्यांनी निमूट केली. जिभेखाली काही नव्हतं.

दिवेलागण होऊन गेली तरी त्या दिवशी फोन आला नाही. मला त्याचाही संशय आला. शेवटी मीच लावला.

"झोपलेत," मुलगा हळू आवाजात म्हणाला.

"खरंच झोपलेत?"

"व्हय, सिस्टर. अजून माझ्या मांडीवरच हायत."