आमच्या घरातलं ध्यान

मराठीत ‘ध्यान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक देवापुढे डोळे मिटून बसल्यावर लागतं ते. दुसरा म्हणजे फ्रॉकची बटणं वरखाली लावून शाळेत निघालेल्या मला बघून माझी आई म्हणायची तो, “काय ध्यान आहे बघा!” लहानपणी मला हा दुसराच अर्थ ठाऊक होता. पन्नाशी उलटल्यावर पहिला अर्थही माझ्या वाट्याला आला, तोही न मागता, आणि तेव्हापासून मी दोन्ही अर्थांनी आमच्या घरातलं ध्यान आहे.

आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहतो. वन बीएचके. परळच्या चाळीतून इकडे आलो तेव्हा सासूबाईंची एकच अट होती, देवघर नीट जागेवर हवं. नीट जागा फक्त हॉलमध्ये होती, टीव्हीच्या शेजारी, म्हणून देव तिथे बसले आणि देवांना लागून सासूबाईंची कॉट. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यामुळे त्यांना समोरचं काही दिसत नाही, कडेचं अंधुक दिसतं. म्हणजे माझा चेहरा दिसत नाही, पण मी तोंड वाकडं करून आत गेले की बरोबर कळतं. बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून एकदा पडल्या, तेव्हापासून त्यांनी एकटीने उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. दिवसा एक बाई असते. मी हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या एका युनिटमध्ये बिलांचं काम बघते. संध्याकाळी मी आले की बाई जाते, आणि मग आईंना, म्हणजे सासूबाईंना, धरायला माझा हात.

आले की चहा आणि चहा झाला की दिवा. दिवा लागला की आई कॉटवर बसून माळ हातात घेतात आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. टीव्ही नाही, मिक्सर नाही, कुकर तर नाहीच. हा नियम परळपासूनचा. मी खाली सतरंजीवर, कॉटला पाठ टेकून बसायची. करायचं काय? मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, तेव्हा त्याने माझ्या फोनमध्ये एक गेम घालून दिला होता. “आई, हे खेळत जा, म्हणजे मला सारखे फोन करणार नाहीस,” असं म्हणाला होता. राग आला म्हणून बरेच दिवस मी त्याला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी लावला.

गेम अगदी बाळबोध. वरून रंगीत ठोकळे पडतात, ते फिरवून खालच्या खाचांत बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. सुरुवातीला बघता बघता हरायचे. पुढे कधी काय बदललं ते कळलं नाही, पण अंगठा आपला आपण चालायला लागला. ठोकळा कुठे जाणार हे मला समजायच्या आधी अंगठ्याला समजलेलं असायचं. शेठची बोलणी, न जुळणारी बिलं, गुडघे, मुलाचं लग्न, सगळं कुठल्या कुठे. ठोकळे जितके भराभर पडायचे, तितकी मी आतून शांत. आपण खेळतोय हेसुद्धा लक्षात राहायचं नाही. आनंद होतोय हेही तेव्हा कळत नाही, मान वर केली की कळतं, कारण तेव्हा तो संपलेला असतो.

हे लिहिताना मला लाज वाटते. इतकं हरवून जाणं माणसाला गाताना व्हावं, पोराला जोजवताना व्हावं, गेला बाजार पोळ्या लाटताना व्हावं. माझ्या पोळ्या लाटून झाल्यात हजारो, एकदाही झालं नाही. झालं ते ठोकळे रचताना.

देवापुढे फोनचा उजेड बरा दिसत नाही म्हणून मी तो ओढणीखाली, मांडीवर धरायची. आवाज बंद. तेवढी लाज तेव्हाही होती. एका संध्याकाळी खेळ संपवून मी पाय लांब केले तर वरून आई म्हणाल्या, “झालं का गं? तीन हाका मारल्या तुला.”

मी दचकले. “ऐकूच नाही आलं, आई. काय हवं होतं?”

“काही नाही. मग माझ्या लक्षात आलं, तुझं ध्यान लागलंय. मग नाही मारली हाक.” त्या मान तिरकी करून माझ्याकडे बघत होत्या, त्यांना तसंच बघावं लागतं. “माळ ओढतेस ना ओढणीखाली? अंगठा हलताना दिसतो मला. कधीपासून करतेस? बोलली पण नाहीस कुणाला.”

मला आधी हसू आलं. तिथेच सांगायला हवं होतं, आई, गेम खेळते हो. एवढ्याशा वाक्याने सगळं मिटलं असतं आणि आम्ही दोघी हसलो असतो. पण लग्न होऊन आल्यापासून माझ्या आमटीत आमसूल जास्त आणि माझ्या पोळीला पदर कमी. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, तेही तिरकं. मी “हं” म्हटलं. या “हं”ला काहीच अर्थ नसतो असं मी स्वतःला समजावलं. त्यांनी मात्र अर्थ घेतला आणि म्हणाल्या, “बरं, आता मला जरा आत ने.”

पुढे तो रोजचा क्रम झाला. दिवा, त्यांची माळ, माझे ठोकळे, मग मी हलले की त्यांचं “झालं का गं?” आणि लगोलग “आत ने”. हात धरून नेताना त्या त्यांच्या मानाने घाईने चालायच्या. म्हातारपणी माणसाला सगळ्याची घाई होते, असं मी मनात म्हणायची. एकदा साडी आणि चादर दोन्ही ओली झाली. “तांब्या कलंडला,” म्हणाल्या. मी चादर बदलली आणि बदलता बदलता थोडी करवादलेही.

बातमी बिल्डिंगभर झाली. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी मला गाठलं. “भाभी, बा बोलती थी, आपका ध्यान लग जाता है. हमको भी सिखाओ ने. मेरे को तो माला करते टाइम भी शाकभाजी का ही विचार आता है.”

“वैसा कुछ नहीं है, बेन,” मी म्हटलं. अगदी खरं बोलले. त्यांनी तो माझा विनय समजला आणि वर घरी जाऊन आणखी दोघींना सांगितलं असणार.

नवऱ्याला मी सगळं सांगून टाकलं. तो हसून हसून आतल्या खोलीतल्या पलंगावर आडवा झाला. “सांगू नकोस तिला. ती खूष, तू खूष. ठोकळ्यांचं काय जातंय?” त्याचं बरोबर वाटावं असं मला वाटत होतं, म्हणून ते बरोबर वाटलं.

मग एक दिवस आई आपणहून बोलल्या. “माझं आता लागत नाही गं. डोळे होते तेव्हा दत्ताच्या तसबिरीकडे बघत बसायचे. आता समोर नुसता काळा डाग. मणी ओढत राहते, मन भलतीकडेच. तुला काय दिसतं तेव्हा?”

“काहीच नाही, आई,” मी म्हटलं. “मी आहे हेसुद्धा आठवत नाही.”

त्यांनी मान डोलावली. वाईट एवढंच, की मी खोटं बोलले नव्हते. जे मिळावं म्हणून ही बाई जन्मभर रोज दिव्यापाशी बसली, ते मला फुकटात मिळालं होतं आणि तिला मिळत नव्हतं. “तू शेजारी असलीस की तेवढं बरं जातं,” त्या म्हणाल्या. “तुझा श्वास कसा एकसारखा चालतो. तो ऐकत बसते.” त्यानंतर मी फोन बाजूला ठेवायचं ठरवलं तरी ठेवता येईना, आणि ते आईंसाठीच म्हणून, असं कारणही आयतं हाताशी आलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी वरच्या लेव्हलला गेले.

आईंची माळ तुळशीची. त्यांना ती त्यांच्या सासूबाईंकडून आलेली. मणी इतके गुळगुळीत झालेत की बोटाखाली लागतच नाहीत. ही माळ पुढे नणंदेकडे जाणार हे घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. ती डोंबिवलीला असते, सकाळी उठून नेमाने जपाला बसते, कुणाला न सांगता. गेल्या गुरुवारी ती आली होती. दिवा लावून झाला आणि आईंनी माळ कपाळाला लावून पुढे केली, ती माझ्या दिशेने.

“माझ्याच्याने आता होत नाही,” त्या म्हणाल्या. “माळ कशी, ज्याचं लागतं त्याच्या हातात असावी.”

मी नणंदेकडे बघितलं नाही. म्हणायला हवं होतं, ही ताईंची आहे. पण म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी दोन्ही हात पुढे केले, माळ घेतली आणि वाकून नमस्कार केला. आई माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, तो अंदाज चुकून कानावर पडला.

नंतर स्वयंपाकघरात ताटं पुसताना नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्हांला कसं जमतं हो? मी रोज बसते, पण दूधवाला, पाणी, डबा, हेच चालू असतं डोक्यात.” टोमणा असता तर मी परतवला असता. तिला खरंच विचारायचं होतं. मी नळ मोठा केला आणि ऐकू न आल्यासारखं केलं. ती हिरमुसली आणि मग तिने तो विषय काढला नाही.

शुक्रवारी मी फोन आतल्या खोलीत कपाटात ठेवला आणि खरोखरची माळ घेऊन बसले. म्हटलं, जे घेतलंय त्याला निदान जागू या. माळ मधल्या बोटावर घ्यायची, अंगठ्याने ओढायची, तर्जनी लागू द्यायची नाही. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, तिथून उलट फिरायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण माझ्या अंगठ्याला एकच वेग माहीत होता. तो मणी सटासट खाली पाडत सुटला, आणि दोन नामांच्या मध्ये भिजवलेली मटकी, शेठ, नणंदेचा चेहरा. माळ संपते कधी याची वाट बघता बघता मेरुमणी कधी ओलांडला तेही कळलं नाही. मी चुळबुळले, मांडी बदलली, खाकरले.

“आज काय झालंय तुला?” वरून आवाज आला. “मणी किती भरभर ओढतेस. रोजच्यासारखी बस ना.”

रोजच्यासारखी म्हणजे कशी, ते मला ठाऊक होतं. फोन कपाटात होता. उठून आणला असता तर आईंना माझा एकसारखा श्वास मिळाला असता आणि हे असंच पुढे चाललं असतं, त्या असेपर्यंत. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवलाही होता. मग तशीच खाली बसले.

“आई, मी जप नव्हते करत,” मी म्हटलं. “फोनवर गेम खेळायची. ओढणीखाली.”

“गेम म्हणजे? पोरं खेळतात तसला?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

मी माळ दोन्ही हातांत धरून बसले होते. आता परत मागतील, ताईला फोन लावायला सांगतील, किंवा सरळ बोलतील काहीतरी, आणि बोलल्या तर सगळं ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. खाली कंपाउंडमध्ये पोरं हिंदीत भांडत होती, तेवढाच आवाज.

“मग मी हाक मारली असती तर चाललं असतं?” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. “कधी, आई?”

“रोजच. दिवा लावला की थोड्या वेळाने मला लागते. एकटीने उठायचं नाही ना. म्हटलं तुझं ध्यान मोडेल, म्हणून धरून बसायची.” मग म्हणाल्या, “एखाद्या दिवशी नाही धरवत.”

मला तांब्या आठवला, चादर आठवली, चादर ओढताना मी काय बोलले तेही आठवलं. इतके दिवस त्यांचे मणी कशावर सरकत होते, तेही आता कळलं. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, त्या पाय आवळून माझं संपायची वाट बघत होत्या, आणि मी एकेक ओळ नाहीशी करत होते.

“चाललं असतं,” मी म्हटलं.

“आत्ताही लागलीय.” त्यांनी कॉटवरून पाय खाली सोडले आणि मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे हात पुढे केला. “माळ देवापाशी ठेव, ती आत नेत नाहीत. आणि हात दे.”