येईल मागून

नव्या बायकांना सायकलवर रुळवते, म्हणून लोक मला मोठ्या मनाची समजतात. माझं मन चांगलं कोतं आहे, आणि त्यात चार वर्षं एकच माणूस ठाण मांडून बसलाय.

तो आमच्या रविवारच्या ग्रुपचा म्होरक्या. नागापूरला त्याचं वर्कशॉप आहे, आणि आपल्या पोटऱ्या सगळ्यांना दिसाव्यात याची तो नीट काळजी घेतो. मी पहिल्यांदा गेले ती पंजाबी ड्रेसमध्ये. चांदबिबीच्या महालाच्या चढावर ओढणी चेनमध्ये अडकली आणि मी मान वाकवून जागच्या जागी खिळले. कुणीतरी विचारलं, "त्या ताईंचं काय?" तो मागं न बघता म्हणाला, "येईल मागून." मी दातांनी ओढणी फाडली आणि घरी आले. तासाभरात ग्रुपवर फोटो पडला, 'अख्खी टीम महालावर.'

त्या ओढणीचा तुकडा मी टाकला नाही. अजून त्यानंच चेन पुसते. पुसताना दर वेळी ठरवायचे, याला याच चढावर मागं टाकायचं आणि वर उभं राहून तेच दोन शब्द म्हणायचे. त्यासाठी कामावर जायच्या आधी एकटीच चढ मारून यायचे.

नव्या बायकांना जवळ केलं तेही खुन्नस म्हणूनच. त्याच्याच ग्रुपात माझं ऐकणाऱ्या वाढाव्यात, एवढाच हेतू. पण शिकवायचं म्हणजे त्यांच्या चालीनं जायचं, आणि त्यात माझ्या निम्म्या सकाळी जायच्या. तोंडानं "शाब्बास" म्हणायचे आणि आतून चरफडायचे.

यंदा भिंगारची एक बाई आली, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी. तीही ओढणी घेऊनच. मी तिची ओढणी कमरेला गच्च बांधून दिली.

"ताई, चढाला तुमी थांबाल ना? मला लई भ्या वाटतं."

"थांबते की," मी म्हणाले.

नेमका त्याच रविवारी चढाच्या मध्यावर तो धापा टाकताना दिसला. इतका जवळ तो मला कधीच सापडला नव्हता. तेवढ्यात मागून हाक आली, "ताई, चेन पडली." मी ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. आणि सीटवरून उठून पायडल मारत सुटले.

वर पोचले तेव्हा तो दोन वळणं खाली होता. बाटलीतलं कोमट पाणीसुद्धा गोड लागलं. तो आला, घाम पुसला, आणि हरल्याबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "तुमच्याबरोबरची ती बाई कुठंय?"

"येईल मागून."

त्याच्यासाठी जपून ठेवलेले शब्द तिच्यावर खर्च झाले. तो गालात हसला. मग फोटो निघाला, मी मधोमध.

ती सायकल ढकलत आली तेव्हा आम्ही परतायला निघालो होतो. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ग्रुपवर पडलेला फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोबाईल आत ठेवला.

मला वाटलं, आता ही यायची नाही. पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर होती. अंगात ट्रॅक पॅन्ट, ओढणीचा पत्ता नाही. चढाच्या पायथ्याला तिनं माझ्या मागच्या चाकाला आपलं चाक आणून भिडवलं.

"तुमी व्हा फुडं, मॅडम," ती म्हणाली. "मी येते मागून."