कुंची

बाबांच्या कुंचीची गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली असेल. गणपतीला, कुणाच्या मुंजीत, नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर – माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "अरे मिलिंद, ती कुंची सांग ना." आणि मी सांगतो. बाबांच्या आवाजासकट सांगतो. लोक पोट धरून हसतात.

त्या गोष्टीतला एक तुकडा मात्र मी गाळतो. तो मी कुणालाच सांगितलेला नाही – सुजातालाही नाही, आणि ती माझी बायको आहे, तिला माझ्या घोरण्याचेसुद्धा प्रकार पाठ आहेत. आज तुम्हाला सांगतो. हसू नका, एवढंही म्हणायचा मला हक्क नाही.

आधी कॉम्प्युटर. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि तिथे त्यांनी घरासाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा शेजारचे लोक तो बघायला आले होते, नवी नवरी बघायला येतात तसे. पांढरा होता. पुढे तो जुन्या दातांसारखा पिवळा पडला, पण बाबांनी तो सोडला नाही. त्यावर ते शब्दकोडी करायचे. मराठी शब्दकोडी – प्रोग्रॅम स्वतःचा, फ्लॉप्यांवर जपलेला. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांच्या आधी तो खोका गाडीतून उतरला. दर रविवारी माझ्या मुलीसाठी, ईशासाठी, एक कोडं छापून ठेवायचे. ती दिल्लीत वाढलेली. तिच्या मराठीत 'यार' आणि 'मतलब' काढले तर क्रियापदंच उरतात. "तुझ्यापर्यंत शब्द पोचले पाहिजेत, बाई," असं बाबा म्हणायचे.

मग त्या खोक्यातली हार्ड डिस्क खरखरायला लागली, आणि एका सकाळी गप्प झाली.

आता कुंची. खऱ्या कुंचीचं सांगायला नको – बाळाच्या डोक्यावरची, पाठीवर रुळणारी टोपी. पण आमच्या घरात तिचा आणखी एक अर्थ होता. जुन्या हार्ड डिस्कच्या मागे बारीक पिना असतात, आणि त्यातल्या दोन पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवावी लागते. दुकानात तिला जंपर म्हणतात. ती असली की डिस्क स्वतःला मुख्य समजते. नसली, तर ती दुसऱ्या कुणाच्या हाताखाली असल्यासारखी गप्प बसते, आणि कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क नाहीच. मी शाळेत असताना बाबांनी मला ती चिमट्याने बसवायला शिकवली होती. "टाळू उघडी ठेवायची नाही, मिल्या. आधी कुंची." या अर्थाने हा शब्द जगात दोनच माणसांना माहीत होता. त्यातला एक मी. – लक्षात येतंय ना, मी कुठे चाललोय?

तर डिस्क आणायला आम्ही नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. शनिवारची सुट्टी मी त्यात घातली, कारण मी आयटीत आहे आणि या विषयातला घरचा तज्ज्ञ मीच, असा माझा समज होता. दुकानदाराने आधी मोठ्या डिस्क पुढे केल्या. बाबा म्हणाले, पाचशे एमबीच्या आतली हवी.

"अंकलजी, इतनी छोटी? इतने में तो आजकल शादी का एक एल्बम नहीं आता."

मी हसलो. म्हणालो, "बाबा, मोठी घ्या ना. जागा जास्त तर जास्त."

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दुकानदाराला म्हणाले, "पुरानी मशीन है. उसके ऊपर की उसको दिखती ही नहीं. ये मेरा बेटा है, आईटी में है. इसको मत पूछिए – ये सिर्फ मीटिंग करता है."

सगळं दुकान हसलं. वाक्य चांगलंच होतं. मीही तेच सांगितलं असतं. आणि खरं होतं, त्याचं काय करायचं? मागच्या खोलीतून जुन्या डिस्क निघाल्या. बाबांनी एकेक चालू करायला लावून कानाशी धरली, कलिंगड वाजवून घेतात तशी. ही दमलीय. ही आपटलेली आहे. ही – ही चालेल. तिची कुंची जागेवर आहे का, तेही मला बघायला लावलं, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना पिना दिसत नव्हत्या. होती.

जेवताना त्यांनी तो प्रसंग रंगवून सांगितला. माझा चेहरा करून दाखवला. सुजाता हसली, ईशा तर खुर्चीवरून घसरली – "पप्पा, सिर्फ मीटिंग!" मीही हसलो. मला वाढून दे म्हणालो.

मग बाबा म्हणाले, माझे हात थरथरतात, तू बसव. मी आत गेलो. डिस्क उलटी केली. चिमटा घेतला – आणि कुंची काढली. बसवलेली कुंची काढली, आणि शर्टच्या खिशात टाकली. डिस्क तशीच बसवून स्क्रू पिळले.

गंमत म्हणून? तसं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलंय. गंमत करणारा स्क्रू इतके घट्ट पिळतो का?

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. ईशाला शेजारी बसवलं. बटण दाबलं. डिस्क नाही, असं पडद्यावर आलं. परत दाबलं. परत तेच. बाबा काही घाबरले नाहीत. शांतपणे, जुन्या मित्राला विचारावं तसं, मागे वळून म्हणाले, "मिल्या, कुंची घातलीस ना?"

"कुंची?" मी म्हणालो. "कसली कुंची, बाबा?"

"अरे, कुंची. तिची. काल दुकानात बघितलीस ना, ती."

"घरात बाळ कुठाय, बाबा?"

ईशाने विचारलं, "कुंची मतलब?" सुजाताने तिला सांगितलं, बाळाची टोपी. आणि मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती नजर मी बघितली. बाबांनीही बघितली. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर दोन बोटं चिमटीसारखी टेकवली, मला आठवण करून द्यायला – दिसलं काय, तर एक म्हातारा माणूस बंद कॉम्प्युटरसमोर बसून डोक्यावर टोपी चढवतोय. मी सुजाताला हळूच, पण त्यांना ऐकू जाईल इतपतच हळू, म्हणालो, "यार, हे आजकाल असं होतंय."

होत नव्हतं. आजकाल काहीच होत नव्हतं. मी तिथल्या तिथे खिशात हात घालू शकलो असतो. खिसा दूर होता का?

बाबांनी डोक्यावरची बोटं खाली घेतली. मी खोटं बोलत असेन, हे त्यांच्या मनात आलंच नसावं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. म्हणाले, "माझंच निवडताना चुकलं असेल."

पुढे सगळं सोपं होत गेलं. मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. बाबांना बाहेर बसवून मीच सांगितलं – कंप्यूटर के लिए बच्चों की टोपी मांग रहे थे. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग आत बोलावून त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि बाबा प्रत्येक काट्याआधी माझ्याकडे बघत होते. एकट्याने मेट्रोने जाणं बंद झालं. गॅसपाशी जाणं बंद झालं. कोडी तर बंदच. भाजीवाल्यासमोर कलिंगडसुद्धा निवडेनात, म्हणायचे, "तूच बघ." खोका बाल्कनीत गेला, मग भंगारात. आणि मी? मी ती गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाबा त्याच खोलीत होते. लोक हसले तसे तेही हसले, जरा उशिरा.

कुंची माझ्या पाकिटात असते. का ठेवली, विचाराल तर मला माहीत नाही. पश्चात्ताप म्हणून नाही, एवढं नक्की.

परवा सुजाताच्या भाचीच्या मुलीचं बारसं झालं, आमच्याच घरी. पुण्याहून कुणीतरी खरी कुंची शिवून आणली होती – हिरव्या खणाची, कडेने मोती. ईशा ती नाचवत बाबांकडे घेऊन गेली. "आजोबा, ये देखो! ह्याला काय म्हणतात, सांगा बरं?"

सगळे थांबले. बहुतेकांना माझी गोष्ट माहीत होती, त्यामुळे तोंडं आधीच हसरी झाली होती. बाबांनी कुंची हातात घेतली. उलटी करून शिवण बघितली. अंगठ्याने टाळूची जागा दाबून पाहिली. ओठ हलले – 'कुं'साठी होतात तसे गोल झाले. मी बघितलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि ओठ मिटले.

"नाही बुवा आठवत," ते म्हणाले. "काय म्हणतात रे, मिलिंद?"

मिल्या नाही. मिलिंद.

"कुंची, बाबा," मी म्हणालो. मोठ्याने, सुटं सुटं, बाळाला शिकवावं तसं. "कुं – ची."

"अच्छा," बाबा म्हणाले.

लोक हसले. मीही.