उपडं झोपून ऐकलेली कादंबरी

"काकू, याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्याच्या आतला पडदा ओल्या भिंतीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. आजवर जे वाचलं ते या उजव्यावर. मी एवढंच विचारलं, "मला परत वाचता येईल ना?"

"आधी पडदा जागेवर बसवू. मग सांगते."

सुरुवात साधीच होती. डोळ्यापुढं काळ्या माश्या उडायच्या, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून मी हातातली रहस्यकथा रेटत राहिले. तुम्हाला असं काही दिसलं तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुस्तक बाजूला ठेवणं मला कधी जमलंच नाही. कुरुंदवाडला माहेरी असताना बर्फाळ मुलखातलं एक प्रवासवर्णन मी पुन्हा पुन्हा वाचलं, तेव्हा मी पन्हाळ्यापलीकडंही गेले नव्हते. एका कादंबरीतल्या हट्टी विधवेनं मला उलट बोलायला शिकवलं. ते आमच्या ह्यांना अजून महागात पडतं. भाकरी करपली की सासूबाई ओळखायच्या, पुस्तक चांगलं दिसतंय.

कोल्हापुरातच ऑपरेशन झालं. व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून आत वायूचा फुगा भरतात. फुग्यानं पडदा दाबून धरावा म्हणून दिवसरात्र उपडं पडून राहायचं. वाचायला बंदी. उशीत तोंड खुपसून मी नुसती चिडचिड करत होते.

ते बघून ह्यांनी माझी अर्धवट राहिलेली रहस्यकथा उचलली. जन्मात पुस्तकाला हात न लावलेला माणूस.

"आगं, खून मुनीमानं केलाय!"

"अहो, शेवटचं पान कशाला वाचलंत?"

"पेपर मी मागनंच वाचतोय की. कुस्त्या मागच्याच पानावर असत्यात."

मला इतकं हसू आलं की डोळा ठणकला. मग त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पण मुनीम आला की वाचणं थांबायचं. "आलं बघ बेनं! आता कसं गोड बोलतंय!" खुनी कळल्यावरही कादंबरी एवढी रंगते, हे मला ठाऊक नव्हतं.

फुगा विरला. तपासणीत पडदा बसलेला दिसला. "पण मॅक्युला, म्हणजे बारीक अक्षरं ओळखणारी मधली जागा, तीही सुटली होती," डॉक्टर म्हणाल्या. "ओळी वाकड्या दिसतील. कदाचित कायमच्या."

घरी पुस्तक उघडलं. ओळी मधेच खचत होत्या. मला रडू आवरेना.

"अक्षरं लागत्यात न्हवं?" ह्यांनी विचारलं.

"लागतात. पण सगळं वाकडं आहे हो."

"मग रडतीस कशाला? आपल्या उसाची सरी तरी कुठं सरळ हाय?"

मी डोळे पुसले आणि मोठ्यानं वाचू लागले. दीड पानावर डोळा थकला, तेव्हा पुस्तक त्यांच्याकडं सरकवलं. अजूनही तसंच चालतं. दीड पान मी, पुढचं ते. चाळीसेक वर्षं एकटीनं वाचलं, पण आताचं वाचन मला जास्त आवडतं.