कंसातलं ग्रोन

माझी थोरली बहीण कण्हण्यावर घर चालवते. परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देणाऱ्या स्टुडिओत ती काम करते. तिथे संवाद भाषांतर होऊन येतात. एक शब्द मात्र कंसात तसाच इंग्रजी राहतो, ग्रोन. ताई तिथे अडून बसते. “अहो दादा, हे ग्रोन कशाचं? गुडघ्याचं, की नवऱ्याच्या फालतू विनोदाचं?” रेकॉर्डिस्ट दादा कपाळाला हात लावतात. इंग्रजीत म्हणे दुखलं तरी ग्रोन, कंटाळा आला तरी ग्रोन, खाण्याने भरलेलं टेबलसुद्धा ग्रोन करतं. आपल्याकडे कण्हणं वेगळं, कुंथणं वेगळं, विव्हळणं वेगळं, आणि कुरकुर तर प्रत्येक घराची वेगळी. ताईकडे सगळा माल तयार असतो. घरी मात्र तापाने फणफणली तरी हूं की चूं नाही. “फुकट कोण कण्हणार?” म्हणते.

त्या दुपारी मी तिचा डबा घेऊन दादांशेजारी बसले होते. काचेपलीकडे ताई एका आजारी म्हातारीसाठी कण्हत होती, इतकं हुबेहूब की मला हसूच आलं. “फर्स्टक्लास!” म्हणत दादांनी रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद केला. दिवा गेला की ताई आधी पाणी मागते. तिने मागितलं नाही. ती कण्हतच राहिली.

“रेकॉर्डिंग परत चालू करतो, पुढच्या भागाला होईल,” दादा हळूच म्हणाले.

ताई फुकट कण्हत होती. मी डबा टाकून धावले. आवाज अडवणारं ते जाड दार माझ्याच्याने उघडेना. शेवटी दादांनी खांदा लावला. आत ताई छाती धरून खाली बसली होती, घामाने निथळत.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर कधी येतील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नर्स म्हणाली, “आधी थोड्या कण्हतील. तसं झालं की मला हाक मारा.”

मी तिच्या तोंडाशी कान नेऊन बसले. ताई गप्प. दादा दाराशी उभे, आत यायला धजेनात. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. “ताई, कण्ह गं,” मी पुटपुटत होते. “कशीही कण्ह. मला शिव्या दे, पण आवाज कर.”

बऱ्याच वेळाने तिच्या घशातून काहीतरी आलं. दुखण्याचं होतं, कंटाळ्याचं, की माझ्यावर वैतागल्याचं, देव जाणे. मी रडत ओरडले, “सिस्टर, कण्हली!”