बाईसाहेबांची फुकटी गिऱ्हाइकं

त्या दुपारी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. म्हणजे मी निवडत होतो. बाईसाहेब जुडी पुढ्यात घेऊन लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. बाईसाहेब म्हणजे माझी बायको. मी सातवीनंतर लेथवर उभा राहिलो, ती लग्नानंतर कॉम्प्युटर शिकली, आणि तिच्याच व्हिसावर आम्ही पुण्याहून इथे परदेशात, स्कोफिल्ड्सला आलो.

"आता कुणाचं दुखलं?"

"एकाच्या मशीनची मेमरी चुकीची दिसतेय."

"त्याला आई नाही का?"

"काड्या राहतायत तुमच्या मेथीत."

रिटायर झाल्यावर तिने एक प्रोग्राम पाळला होता. लायब्ररी म्हणतात त्याला. कॉम्प्युटरवर भार किती, मेमरी किती उरली, हे वाचून दुसऱ्या प्रोग्रामांना सांगायचं, एवढंच त्याचं काम. कुणीही फुकट घ्यावा आणि अडलं की तिच्या नावाने शंख करावा. मोठ्या कंपन्यांतले पगारदार लिहायचे, अजून का झालं नाही? लग्नात फुकट जेवून मीठ कमी म्हणणारी माणसं.

मशीनने आकडा दिला नाही तर ती शून्य दाखवायची नाही, 'माहीत नाही' दाखवायची. "शून्य म्हणजे मोजून काही नाही निघालं. हे मोजलेलंच नाही." यावरून एकाने तिला मूर्ख म्हटलं. तिने त्या गाढवाला थँक्स लिहून सगळं समजावलं. घरातही तेच. तिचं हृदय बिघडल्यावर मी विचारायचो, बरं वाटतंय का? "माहीत नाही." माझ्यासाठी 'बरंय' म्हणायला काय जात होतं तिचं?

आजारी आहे, कुणीतरी हे सांभाळा, असं तिने त्या लोकांना आधीच लिहिलं होतं. एकही पुढे आला नाही. 'गेट वेल' लिहून खाली आपापली तक्रार.

मेथी निवडून झाली आणि तिला छातीत कळ आली. हॉस्पिटलात म्हणाली, "माझ्यामागे बंद करू नका हो. कुणी सांभाळणारं बघा."

मला बंदच करायचं होतं. "बघू," म्हणालो. माझ्या 'बघू'चा अर्थ तिला पाठ होता. तोंड फिरवून पडली. रात्रीत गेली.

सकाळी पोराला लॅपटॉप उघडायला लावला. मेमरीवाल्याने विचारलंच होतं, "एनी अपडेट?" मी एका बोटाने मराठीत लिहिलं, 'बाई गेल्या. प्रोग्राम चालू ठेवायचा आहे. ज्यांनी फुकट वापरला त्यांच्यापैकी कुणीतरी पुढे या.'

"बाबा, मराठी कुणाला कळणार?"

"गरज त्यांची आहे. घेतील कळून," म्हणालो, आणि बटण दाबलं.